सकाळी आठचं वजन

मी डॉक्टर नाही. मी पिंजरे धुते.
ताइनानच्या या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, अकरा वर्षं.
दोन दारं, मध्ये वाऱ्याचा झोत,
हातमोजे एकावर एक,
आणि मग तो वास: भुसा, मूत, गरम प्लास्टिक.
मला आता येत नाही.
यु-ह्वा म्हणते, आई, तुझ्या केसांना येतो.

साधा उंदीर या तापाला भीक घालत नाही.
टोचा, दोन दिवसांत झटकून मोकळा.
म्हणून यांना मुद्दाम असं जन्माला घातलंय:
धोक्याची घंटा वाजते, वाजत राहते,
ती ऐकणारा कानच पेशींना ठेवलेला नाही.
डॉक्टर को यांनी वहीच्या मागे काढून दाखवलं होतं.
घर काढलं, घंटा काढली, घरात माणूस काढला,
मग खोडरबराने माणसाचे कान पुसले.
"याला मॉडेल म्हणतात, पाओ-चू."
मला मॉडेल म्हणजे दुकानाच्या काचेतली,
भारी कोट घातलेली, बिनडोक्याची बाई.

आठ वाजता तराजूवर डबा.
बावीस पूर्णांक एक.
दुसऱ्या दिवशी एकवीस सहा.
चौथ्या दिवशी केस पिंजारलेले, पाठीला पोक,
डोळे अर्धे मिटलेले,
देवळाच्या पायरीवर दुपारी म्हातारे बसतात तसे.
मी तक्त्यात "तीन" लिहिते.
वजन पाचव्या हिश्श्याने उतरलं की थांबवायचं.
थांबवणं या शब्दाचा हा अर्थ मी इथेच शिकले.

कुठे दुखतं ते उंदीर सांगत नाही.
यु-ह्वा सांगत होती.
गल्लीत फवारणीचा धूर, स्वतःच्या चपला दिसेनात,
आणि आत ती: आई, हाडं. हाडं.
जुनी माणसं याला आकाशातल्या कुत्र्याचा ताप म्हणत.
कुत्रा आणखी काय धरणार?
ती उठली. समोरचे मासेवाले फू उठले नाहीत.

या शरदात पिंजरे आयांचे आहेत.
आईला आधी एक जात टोचलेली; ती निभावली.
पिल्लं मोठी झाली की त्यांना दुसरी जात.
आईने दिलेलं कवच त्यांच्या रक्तात असतं,
विरत आलेलं, जुन्या बनियनसारखं.
अडवण्यापुरतं नसतं.
उरलेलं विषाणूचा हात धरतं
आणि त्याला आत घेऊन जातं,
या, बसा, चपला राहू द्या.

मग शिरेत निळा रंग सोडतात.
जिथे रक्तवाहिन्या झिरपल्या, तिथे तो उतरतो.
ज्यांची आई कोरी होती त्यांचं आतडं फिकं.
यांचं निळं.
शाळेच्या नव्या गणवेशासारखं निळं.

यु-ह्वाला सातवा लागलाय.

ट्रे पुसता पुसता, सहज विचारल्यासारखं,
मी डॉक्टरांना विचारलं.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"उंदीर म्हणजे माणूस नाही," म्हणाले.
मग अकरा वर्षं आपण कुणाला तोलतोय,
हे मी विचारलं नाही.
त्यांनी ते ऐकलं.

इमारतीमागे एक दगड आहे, गुडघ्याएवढा.
वर्षातून एकदा सगळे खाली येतात,
विद्यार्थी, शिपाई, संचालक, पांढऱ्या शर्टात.
पेरू, सूर्यफुलाच्या बिया. कुणीतरी चीझ आणतं.
आमच्या उंदरांनी चीझ कधी पाहिलेलं नाही,
मी सांगत नाही.
मी त्यांच्या रोजच्या तपकिरी गोळ्या ठेवते, मूठभर.
उंदराला मांजर साक्ष, म्हणतात.
इथे मांजर नाही.
तराजू आहे, तक्ता आहे, मी आहे.

यंदा सगळे गेल्यावर मी थांबले.
दगडाच्या माथ्यावर एक खळगा आहे.
मागच्या वादळाचं पाणी होतं त्यात,
चमचाभर,
आणि पाण्यात काहीतरी वळवळत होतं.

बाहीने पुसून काढलं.
अगरबत्ती विझली होती. दुसरी लावली.